स्टेपनीचं वय विचारलंत कधी?

हे वाचता वाचताच एक काम करून टाका. गाडी खाली पार्किंगमध्ये उभी असेल तर जा, डिकी उघडा, आतला गालिचा उचला. त्याखाली, छत्री, जुनी पिशवी आणि मागच्या सहलीतल्या चुरमुऱ्यांच्या शेजारी एक टायर पडलेलं असेल. त्यावर बोट फिरवा. नक्षी अगदी कोरी लागेल, टायरवरचे ते बारीक रबरी केससुद्धा शाबूत असतील. मग स्वतःला विचारा, हे टायर किती वर्षांचं आहे?

मला हा प्रश्न कुणी मागच्या वर्षी मे महिन्यापूर्वी विचारला असता, तर मी म्हणाले असते, ‘नवंच आहे की!’

आमची गाडी मुळात आमची नाही, बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. २०१५ साली सांगलीला घेतलेली छोटी हॅचबॅक. ते निवृत्त होऊन आमच्याकडे कोरमंगलाला राहायला आले, तशी गाडीही आली. इथे तिचं आयुष्य म्हणजे मडिवाळा बाजार, बाबांचा दवाखाना, मुलीचा क्लास आणि सोनी वर्ल्ड सिग्नलला लागणारा वेळ. किलोमीटर पडत नाहीत, नुसते तास पडतात. वर्षातून दोनदा मात्र ती कोल्हापूर-सांगलीला जाते, आणि तेव्हा तिच्यात आम्ही पाचजण, सहा बॅगा आणि आईंनी बांधून घेतलेला संसार असतो.

मागच्या मेमध्ये कोल्हापूरला लग्न होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी शहाण्यासारखी ईजीपुऱ्याच्या बाजूला झाडाखाली बसणाऱ्या पंक्चरवाल्याकडे गेले आणि पाचही चाकांची हवा बघितली. (बाबा पहिल्यांदा त्याच्याकडे गेले होते, तेव्हा त्याने ‘गाळी हाकबेका?’ असं विचारलं आणि बाबा चांगलेच बिथरले. कानडीत गाळी म्हणजे हवा. हा माणूस मला शिव्या घालू का म्हणून परवानगी मागतोय, असं त्यांना वाटलं.) स्टेपनीत हवा कमी होती, ती भरून घेतली. तो स्टेपनीकडे जरा जास्त वेळ बघत होता. काहीतरी म्हणालाही. मला घाई होती. ‘वापरलेलीच नाहीये, नवीन आहे,’ असं सांगून मी पैसे देऊन निघाले.

पहाटे चारला निघालो. तुमकूर मागे पडलं, सिरा मागे पडलं, उजाडलं. हिरियूर यायच्या बरंच आधी डावं मागचं चाक बसलं. लोखंडाचा बोटभर तुकडा. काही हरकत नाही, स्टेपनी आहे! नवऱ्याने आणि मी मिळून पंधरा-वीस मिनिटांत चाक बदललं, आईंनी तेवढ्यात सगळ्यांना लाडू वाटले. मुलीने फोटो काढले.

वीसेक किलोमीटरवर गाडी थरथरायला लागली. आधी वाटलं रस्ताच तसा आहे. मग मागून धप धप धप असा आवाज. वेग नव्वदच्या आसपास होता, नवऱ्याने हळूहळू कमी केला आणि गाडी कडेला घेतली. उतरून बघितलं तर त्या कोऱ्या टायरची रस्त्याला टेकणारी पट्टी एका बाजूने पंजाभर उकलली होती. आतल्या पोलादी तारा दिसत होत्या. नक्षी तशीच कोरी, कडेचे केससुद्धा तसेच.

आम्ही सगळे तिथे उभे राहून त्याच्याकडे बघत राहिलो. बाबा सर्वांत शेवटी बोलले. म्हणाले, ‘एकदाही रस्त्याला लागलं नव्हतं हे.’

पुढचं थोडक्यात सांगते. फोनवरून हिरियूरचा एक पंक्चरवाला गाठला, तो टेम्पोतून आला. त्याने आमचं मूळ पंक्चर झालेलं टायर अर्ध्या तासात दुरुस्त करून दिलं, दोनशे रुपयांत. आणि उकललेल्या टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांवर बोट ठेवलं : ४११४. म्हणजे २०१४ सालचा एक्केचाळिसावा आठवडा. साडेदहा वर्षांचं टायर! पुढचे साडेचारशे किलोमीटर आम्ही बिनस्टेपनीचे गेलो. हळद चुकली, लग्न मिळालं.

तर या वेळी सदरात हाच विषय : कधीच न वापरलेली स्टेपनी नेमकी कधी बदलायची.

आधी ते चार आकडे शोधा. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते. तिच्या शेवटी, बहुतेकदा एका लंबगोल चौकटीत, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जून. ही चार आकड्यांची पद्धत २००० सालापासूनची. तीनच आकडे दिसले तर ते टायर त्याआधीचं आहे, आणि मग पुढचं वाचायचीही गरज नाही, ते आजच काढा. एक गंमत लक्षात ठेवा : पुष्कळ टायरांवर हे पूर्ण आकडे एकाच बाजूला असतात, आणि डिकीत टायर ठेवताना नेमकी तीच बाजू खाली जाते. तेव्हा मधला स्क्रू काढून चाक उलटं करावं लागेल. थोडे हात काळे होतील.

आकडे सापडले की फोनने फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. पुढच्या वेळी पुन्हा चाक उलटं करायला नको.

आता प्रश्न असा, की जे टायर रस्त्यावर घासलंच नाही ते म्हातारं कसं होतं? आपल्या घरातलं उदाहरण आहे. गॅसच्या शेगडीची केशरी रबरी नळी आपण पाच वर्षांनी बदलतो, तिच्यावर तारीख छापलेली असते. त्या नळीतून कुणी गाडी चालवलेली नसते. घरात, सावलीत, एका जागी असते ती. तरी बदलतो, कारण रबर हवेने आणि उष्णतेने कडक होतं, चिरतं, हे आपल्याला पटलेलं आहे. टायरच्या बाबतीत मात्र आपण नक्षीकडे बघतो. नक्षी झिजली की टायर संपलं, नक्षी कोरी तर टायर कोरं. चाकावर असलेल्या टायरचा हा हिशेब बऱ्याच अंशी बरोबर आहे (कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की ते कायद्यानेही बाद). डिकीतल्या टायरला हा हिशेब लागूच पडत नाही.

टायरच्या आत काय चाललेलं असतं ते समजून घेण्यासारखं आहे. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. रबर, कापडी धागे आणि पोलादी तारांचे पट्टे असे थर एकमेकांना चिकटवून ते बनतं. आत दाबाखाली हवा कोंडलेली. त्या हवेतला प्राणवायू आतल्या अस्तरातून हळूहळू झिरपत या थरांपर्यंत पोचतो आणि तिथलं रबर ठिसूळ करत राहतो. गाडी चालो, न चालो. दोन पोलादी पट्ट्यांच्या मधलं रबर ठिसूळ झालं की वरची पट्टी सुटायची शक्यता वाढते, आणि आमच्याकडे तेच झालं. बाहेरून ओझोन आणि ऊन आपलं काम करतात. यापासून बचाव व्हावा म्हणून कारखान्यात रबरात मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. पण ती पृष्ठभागावर नीट यायला टायर फिरावं लागतं, दबावं आणि सुटावं लागतं. पडून राहिलेल्या टायरला तो व्यायामच नाही. म्हणजे ‘जपून ठेवलं’ असं आपण ज्याला म्हणतो, त्यात त्याचं थोडं नुकसानच होत असतं.

आणि उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की असल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला जुना ठोकताळा. बंगळुरूची हवा छान आहे हे मान्य. पण कोरमंगलात ज्यांना तळघरातलं पार्किंग नाही त्यांची गाडी दिवसभर रस्त्याच्या कडेला उन्हात असते आणि बंद डिकीत हात घालवत नाही. सांगली, सोलापूर, नागपूरचं तर बोलायलाच नको. आमची स्टेपनी सांगलीचे उन्हाळे बघून आलेली होती. बाबांचं घर पश्चिमेला तोंड करून, पोर्च नाही.

काही मोठ्या गाड्यांची स्टेपनी खाली, पोटाशी टांगलेली असते. तिला चिखल, पाणी आणि जवळून जाणाऱ्या सायलेन्सरची धग. मागच्या दारावर लटकवलेली असेल तर थेट ऊन. आणि कोरमंगला हा सखल भाग. मोठा पाऊस झाला की तळघरांत पाणी भरल्याचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. त्या पाण्यात गाडी उभी राहिली असेल तर स्टेपनीची लोखंडी डिस्क गंजलेली असू शकते, आणि गंजलेल्या काठावरून हवा निसटते. पोटाशी टांगलेल्या स्टेपनीची तार गंजून अडकली, तर ऐन वेळी ती खालीच येत नाही. वर्षातून एकदा ती खाली उतरवून बघा, टायर चांगलं असलं तरी.

आता वर्षांचा आकडा. इथे सगळ्यांचं एकमत नाही, आणि ते तसंच तुमच्यापुढे ठेवते. अनेक टायर कंपन्या सांगतात की बनवल्यापासून दहा वर्षं झालेलं टायर, दिसायला कसंही असो, बदला. यात स्टेपनी धरून. मिशेलिनसारखी कंपनी पुढे असंही म्हणते, की वापरात येऊन पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. काही गाडी बनवणाऱ्या कंपन्या याहून कडक आहेत. त्या सहा वर्षं म्हणतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा. ती पुस्तिका पुढच्या कप्प्यात, विम्याच्या जुन्या कागदांखाली असते.

या आकड्यांमागे इतिहास आहे. २००० साली ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवली. अनेक फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या टायरची पट्टी धावताना सुटत होती, आणि माणसं मेली होती. त्यानंतर तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने टायरच्या वयावर बरंच संशोधन केलं, आणि त्यात अडगळीत पडलेली स्टेपनीही जीर्ण होते हे दिसलं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये तरुणांना घेऊन संगीत महोत्सवातून परतणारी एक बस पुढचं टायर फुटून झाडावर आदळली, तिघे गेले. ते टायर १९ वर्षांचं होतं. गेलेल्यांपैकी एका मुलाच्या आईने पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि लॉरीच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुनं टायर लावण्यावर बंदी आली.

तिथल्या कॅरव्हानवाल्यांना तर याहून कडक सल्ला देतात : पाच वर्षांनी बदला, सात ओलांडू नका. कारण कॅरव्हान वर्षातले दहा महिने एका जागी उभी असते आणि मग एकदम भरल्या वजनाने लांब पल्ल्याला निघते. हे वाचलं तेव्हा मला आमचीच गाडी दिसली. सोनी वर्ल्ड सिग्नलला वर्षभर उभी, आणि मग पाच माणसं आणि सहा बॅगा घेऊन कोल्हापूर!

तर माझं मत, आणि हे माझं आहे, कुठल्या कंपनीचं नाही. पाच वर्षांपर्यंत स्टेपनीची फक्त हवा आणि तब्येत बघत राहा. सहा पूर्ण झाली की ती शहरातली स्टेपनी समजा. म्हणजे एचएसआर लेआउटमध्ये पंक्चर झालं तर जवळच्या दुकानापर्यंत चाळीसच्या वेगाने नेण्यापुरती. तुम्ही हायवेला जाणारच नसाल तर आणखी थोडं चालवून घ्या, मी आग्रह करणार नाही. पण वर्षातून एकदा जरी घरची माणसं बसवून लांब जाणार असाल, तर सहा-सात वर्षांच्या दरम्यान बदला. दहाला चर्चाच नको.

‘पण चिरा दिसत नाहीत हो,’ असं बाबा म्हणाले होते. चिरा बघायच्याच. टायरची कड अंगठ्याने दाबून, वाकवून बघा. नक्षीच्या खोबणीच्या तळाशी केसासारख्या भेगा आहेत का, कुठे फुगा आलाय का, रबर हाताला लाकडासारखं लागतंय का. हवा भरायच्या रबरी व्हॉल्व्हलाही वाकवून बघा, तो टायरइतकाच जुना असतो आणि आधी तोच दगा देतो. यातलं काहीही दिसलं तर वय बघत बसू नका. पण उलटं धरू नका. चिरा दिसल्या नाहीत म्हणजे टायर चांगलं, असं नाही. आतल्या थरांत काय झालंय ते बाहेरून ना मला कळेल, ना दुकानदाराला. म्हणून तर तारखेवर जायचं.

आमच्याकडे चूक कुठे झाली, तेही सांगते. २०२० साली बाबांनी चारही टायर बदलली होती. दुकानदार म्हणाला, स्टेपनी एकदम कोरी आहे, तिला कशाला हात लावता. त्या दिवशी त्याचं बरोबरही होतं, सहा वर्षं व्हायला काही महिने होते. पण तिथेच कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं. पुढची चार-पाच वर्षं कुणालाच तिची आठवण आली नाही. मग मी, आदल्या दिवशी हवा भरून घेतली आणि मनात पक्कं केलं की स्टेपनीची काळजी घेऊन झाली. हवा बरोबर होती. उरलेलं कुणी बघितलंच नाही. मेचं ऊन, भरलेली गाडी, नव्वदचा वेग, सगळ्यांनी हातभार लावला असणार. पण चांगल्या टायरला हे रोजचंच असतं.

हवेचंही सांगून टाकते. टायर पडून असलं तरी महिन्याला साधारण एक-दोन पीएसआय हवा जाते. वर्षभर कुणी बघितलं नाही तर स्टेपनी निम्म्यावर आलेली असू शकते. गाडीच्या दाराच्या चौकटीवर दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो, त्यात भरल्या गाडीसाठी जो सर्वांत जास्त आकडा असेल तेवढी हवा स्टेपनीत ठेवा. कमी करणं सोपं, रस्त्यावर भरणं अवघड. तुमची स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल, आणि तिच्या मापाच्या सुरुवातीला ‘टी’ अक्षर असेल, तर गोष्ट वेगळी. तिला सहसा ६० पीएसआय लागते आणि तिच्यावर ८० किलोमीटरची वेगमर्यादा लिहिलेली असते. ती घेऊन कोल्हापूर गाठायचं नसतं, पुढचं दुकान गाठायचं असतं.

पैशांचं काय? आमच्या गाडीचं टायर पाच हजारांच्या आत आलं. तरी कोरं टायर टाकून द्यायचं म्हणजे जिवावर येतं, हे मला मान्य आहे. आपल्या घरांत काही टाकताना हात मागे येतोच. त्यावर एक चांगली युक्ती आहे, ती मात्र वेळेवर करायला हवी. स्टेपनी बाकीच्या चार टायरांच्याच मापाची आणि जातीची असेल, तर गाडी नवी असल्यापासून तिला फिरवाफिरवीत घ्या. दर दहा हजार किलोमीटरला चाकं बदलताना पाचवं चाकही फिरवायचं. मग पाचही टायर एकदम झिजतात, एकदम बदलतात आणि कुठलंच डिकीत म्हातारं होत नाही. वरच्या मॉडेलना खाली सुंदर अलॉय आणि डिकीत लहान मापाची लोखंडी डिस्क असते, त्यांना हे जमणार नाही.

दुसरी युक्ती : चार टायर बदलायला जाल तेव्हा जुन्यातलं सर्वांत तरुण, सर्वांत कमी झिजलेलं टायर स्टेपनी म्हणून ठेवा. पण आधी त्याचे चार आकडे बघा! आणि आठ वर्षांची कोरी स्टेपनी ‘वापरून संपवू’ म्हणून चाकावर चढवू नका. आमच्या सोसायटीत एकाने हे केलं होतं, पुढच्या चाकाला. मी त्याला आमच्या टायरचा फोटो पाठवला.

आमच्यासारखी गाडी कमी चालणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर होत असतील, तर चाकांवरच्या टायरांची नक्षी झिजायच्या आधी त्यांचं वय होतं. कोरोनानंतर घरून काम करणाऱ्यांच्या कितीतरी गाड्या आमच्या तळघरात धूळ खात उभ्या आहेत. त्यांची पाचही टायर स्टेपनीच समजा.

नवं टायर घेतानाही आकडे बघून घ्या. जेसी रोडवर टायरची आणि सुट्या भागांची दुकानंच दुकानं आहेत, भाव करून मिळतं, पण स्वस्त देतो म्हणून कुणी दोन-तीन वर्षं गोदामात राहिलेलं टायर पुढे करेल. चाकावर लावायला ते कदाचित चालेल. स्टेपनी म्हणून घेताना मात्र तुम्ही तिची वर्षंच विकत घेताय, त्यातली तीन आधीच गेलेली कशाला घ्यायची? नव्या टायरबरोबर नवा व्हॉल्व्ह घाला. तो फार थोड्या पैशांत येतो.

ज्यांच्या गाडीत स्टेपनीच नाही, त्यांनी हसू नये. २०२० पासून आपल्याकडे नियम बदलला आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट दिलं असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. त्यामुळे अनेक नव्या गाड्यांत, विशेषतः विजेवरच्या, टायरऐवजी एक बाटली आणि छोटा पंप असतो. त्या बाटलीवर एक्स्पायरीची तारीख असते. बघितली का कधी?

जाता जाता या शब्दाविषयी. ‘स्टेपनी’ म्हटलं की मला लहानपणी तो मराठीच शब्द वाटायचा. तो आलाय वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून. १९०४ मध्ये तिथल्या लोखंडी सामानाच्या एका दुकानदाराने, टॉमस डेव्हिसने, बिनआऱ्यांची एक जादा चकती आणि तिच्यावर आधीच हवा भरलेलं टायर अशी जोडणी काढली. पंक्चर झालं की ती मूळ चाकाला बाजूने पकडीने बसवायची आणि चालू पडायचं. तोवर गाडीबरोबर जादा चाक नसायचंच. कंपनी गेली, इंग्रजांच्या स्वतःच्या बोलण्यातून शब्दही गेला, आपल्याकडे मात्र ट्रकवाल्यापासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी राहिला.

काढलेल्या जुन्या टायरचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. गच्चीवर कुंडी करायला ठेवू नका. टायरच्या पोटात साचलेलं पाणी डेंगीच्या डासांचं लाडकं घर, आणि २०२४ साली कर्नाटकाने डेंगीला साथरोग म्हणून जाहीर करण्याइतकी वेळ आली होती. दुकानदाराला परत द्या. टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी २०२२ पासून नियमाने टायर उत्पादकांवर आहे. मात्र देण्याआधी एक करा. दुकानदाराला तुमच्यासमोर टायरची कड कापायला सांगा. कोरी नक्षी असलेलं दहा वर्षांचं टायर न कापता सोडलं, तर ते काळा पॉलिश लावून कुणाच्या तरी टॅक्सीला बसतं.

आम्ही कोल्हापूरहून परत आल्यावर मी आमच्या ईजीपुऱ्याच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याने उकललेलं टायर बघितलं आणि ‘तेव्हाच सांगत होतो’ असं काही म्हणाला नाही. मीच विचारलं, त्या दिवशी काय म्हणत होतास? तो हिंदीत म्हणाला, ‘तारीख देखो बोला था, मॅडम.’ मग त्याने करवतीने कड कापली. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. गाडी घेतली तेव्हापासून ते टायर त्यांच्याजवळ होतं, शेवटच्या क्षणी ‘थोडं मागे धर’ असं काहीतरी सुचवायला हात पुढे आला आणि त्यांनी तो परत खिशात घातला.

नव्या टायरचा आकडा ०८२५. त्याच संध्याकाळी बाबांनी त्यांची डायरी काढली. तिच्यात गॅसचा नंबर, विम्याच्या तारखा, रक्तदाबाच्या नोंदी सगळं असतं. त्यात लिहिलं : ‘स्टेपनी. फेब्रुवारी २०२५. पुढची २०३१.’ चष्मा काढून थोडा वेळ त्या आकड्याकडे बघितलं. ‘म्हणजे मी तेव्हा ब्याऐंशीचा,’ असं म्हणाले, आणि डायरी मिटण्याऐवजी माझ्या मुलीपुढे सरकवली. ‘हे तू तुझ्या फोनमध्ये टाकून ठेव. गाडी तेव्हा तूच चालवणार.’